सुट्या भागांची गोष्ट

गेल्या डिसेंबरात मावसभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. खाली एकच ओळ: 'दादा, एवढं बघून दे ना, बजेट ८० आहे.' पोरगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, आणि 'अभ्यासाला लागतो' हे मावशीला पटवून झालेलं. यादीत चुकीचं काहीच नव्हतं. फक्त रॅमचा भाव ऑक्टोबरमधला होता. डिसेंबरात तीच रॅम दुपटीच्या वर गेली होती. हे सांगितल्यावर त्याचा लगेच मेसेज आला: 'पण एवढी रॅम खातंय कोण?'

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मला त्याच्याआधीचा प्रश्न जास्त छळायला लागला. अशी यादी करता येते, हेच मुळात कसं? बजाजचं इंजिन, होंडाचा गिअरबॉक्स आणि टीव्हीएसची टाकी अशी स्कूटर कोणी जुळवत नाही. हातातल्या फोनची रॅम तर आपण बघितलेलीही नसते. मग घरात बसून एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा बोर्ड, तिसरीचं कार्ड निवडायचं आणि ते एकमेकांत बसतंही, ही चैन कम्प्युटरच्याच वाट्याला का आली?

त्याचं कारण आयबीएमची घाई.

१९८० साली आयबीएम म्हणजे खोलीभर यंत्रं बनवणारी, जवळपास सगळं स्वतःच्या कारखान्यात घडवणारी कंपनी. तोपर्यंत ॲपलसारख्या चिल्लर पोरांनी टेबलावरचे कम्प्युटर विकायला सुरुवात केली होती. बिल लो नावाच्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना सांगितलं की, एका वर्षात आपलंही यंत्र काढू, पण एका अटीवर: भाग बाहेरून घ्यायचे. फ्लोरिडातल्या बोका रटन इथे एक छोटी टीम बसली आणि पुढे डॉन एस्ट्रिजने ती चालवली. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, प्रिंटर एप्सनचा. फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. हे टंडन मूळचे भारतातले, आणि त्यांच्या कंपनीने पुढे आपल्या अंधेरीच्या सीप्झमध्येही कारखाना काढला. १२ ऑगस्ट १९८१ ला यंत्र जाहीर झालं. सर्वांत स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरचं. त्यात १६ केबी रॅम होती, स्क्रीन नव्हता, फ्लॉपी ड्राइव्हही नव्हता. मात्र बोर्डावर पाच रिकामे स्लॉट होते. बाकीचं तुमच्या ऐपतीप्रमाणे नंतर घ्या.

या स्लॉटसाठी इतरांनीही कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमने एक जाडजूड तांत्रिक पुस्तिका विकायला काढली. तिच्यात सगळ्या सर्किटच्या आकृत्या होत्या, आणि बायोसचा अख्खा कोडही होता. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. वरकरणी हे औदार्य, पण त्यात एक मेख होती. बाकी सगळे भाग बाजारात मिळत होते, एकटा बायोस आयबीएमचा होता आणि त्यावर कॉपीराइट होता. तो छापून उघडा ठेवला की वाचणारा प्रत्येक जण आपोआप संशयित. तसंच काही तुम्ही लिहिलंत की तुम्ही चोर.

ही मेख ज्यांनी काढली त्यांची गोष्ट मला मनापासून आवडते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले तिघे जण, रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो. ह्यूस्टनच्या 'हाउस ऑफ पाइज' नावाच्या खाणावळीत ताटाखालच्या कागदावर त्यांनी यंत्राचं चित्र काढलं आणि १९८२ मध्ये कॉम्पॅक सुरू केली. बायोससाठी त्यांनी प्रोग्रॅमरांचे दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचा कोड वाचायचा आणि तो काय करतो एवढंच लिहून काढायचं, कसं करतो ते नाही. दुसऱ्या गटाने तो कोड कधीही पाहिलेला नसावा. त्यांनी फक्त ते वर्णन वाचून नवा कोड लिहायचा. आमच्या ऑफिसातही स्पेसिफिकेशन लिहिणारे आणि कोड लिहिणारे एकमेकांशी बोलत नाहीत, पण त्यातून काही ऐतिहासिक घडल्याचं ऐकिवात नाही. कॉम्पॅकचं मात्र जमलं. १९८३ च्या सुरुवातीला त्यांचं आयबीएमचेच प्रोग्रॅम चालवणारं यंत्र बाजारात होतं, आणि आयबीएमला कोर्टात जायला जागा नव्हती. पाठोपाठ १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने याच पद्धतीने बायोस लिहिला आणि पैसे देईल त्याला विकायला काढला. आता कुलूपच उरलं नाही. तैवानमधल्या कुठल्याही कारखान्याने बोर्ड छापावा, त्यावर विकतचा बायोस बसवावा, मायक्रोसॉफ्टकडून डॉस घ्यावी.

१९८७ मध्ये आयबीएमला जाग आली. त्यांनी पीएस/२ नावाची नवी मालिका काढली. तिचे स्लॉट वेगळे, जुनी कार्डं त्यात बसत नाहीत, आणि इतरांना ते वापरायचे तर परवान्याचे पैसे मोजा. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनी कार्डं चालतील असा आपला वेगळा स्लॉट जाहीर केला. आयबीएमचा स्लॉट हळूहळू मेला. गंमत म्हणजे त्या मालिकेच्या दोन गोष्टी आपण सगळ्यांनी हाताळल्यात: मॉनिटरची व्हीजीए पिन, आणि की-बोर्ड-माउसची ती गोल भोकं, ज्यांना पुढे जांभळा आणि हिरवा रंग मिळाला. यंत्राच्या पाठीमागे वाकून, अंदाजाने पिन फिरवत बसलेला आपला काका म्हणजे पीएस/२ चं शेवटचं स्मारक.

आपल्याकडे हे सगळं 'असेंबल्ड' या एका शब्दाने पोहोचलं. ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड, हा प्रश्न एके काळी लग्नाच्या हॉलइतक्या गांभीर्याने चर्चिला जायचा. भारत १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला, पुढच्या काही वर्षांत आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरलं, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे गावोगावच्या दुकानदारांचं पंढरपूर झालं. आमचा पहिला कम्प्युटर मी चौथीत असताना सांगलीच्या एका दुकानातून आला. दुकानदार दर पंधरवड्याला रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन पिशवीतून माल आणायचा. त्याने एसएमपीएस घातला होता ४५० वॉटचा. म्हणजे स्टिकर ४५० चं होतं. अकरावीत मी दिवाळीच्या पैशांतून जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन बसवलं आणि तिसऱ्या दिवशी फट्ट आवाज होऊन कॅबिनेटमधून धूर आला. त्या दुकानाचं नाव सांगत नाही. पण जळका भाग शोधून तेवढाच बदलल्यावर यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं ते अजून लक्षात आहे. मावसभावाच्या यादीत मी सगळ्यात आधी एसएमपीएस बघितला तो त्यामुळेच.

आता ग्राफिक्स कार्ड, कारण निम्मं बजेट तिथेच जातं. १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' आला तेव्हा असं काही लागत नव्हतं, सगळं चित्र प्रोसेसरच काढायचा. थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने व्हिडिओ गेमच्या दुकानांतल्या यंत्रांसाठी 'वूडू' नावाची चिप बनवली होती. घरच्या ग्राहकाला ती परवडणारी नव्हती, कारण तिला रॅम बरीच लागायची. पण १९९६ मध्ये रॅमचे भाव कोसळले आणि चार एमबीचं वूडू कार्ड घरात शिरलं. विचित्र वस्तू होती ती. साधा डेस्कटॉप तिला दाखवता यायचा नाही, तुमचं जुनं कार्ड तसंच ठेवून दोघांमध्ये एक केबल जोडावी लागायची. पण १९९७ च्या सुरुवातीला 'क्वेक'ची त्यावर चालणारी आवृत्ती आली आणि ज्यांनी ती पाहिली ते परत साध्या चित्राकडे गेले नाहीत.

थ्रीडीएफएक्स फक्त चिप बनवायची, कार्डं डायमंड, ऑर्किड अशा कंपन्या. मग १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेण्याचं ठरवलं. आता चिपही आपली, कार्डही आपलं, इतरांना काही द्यायचं नाही. अकरा वर्षांपूर्वीचं आयबीएमचं हसू तोवर विरलं असावं. कालपर्यंतचे गिऱ्हाईक एका रात्रीत प्रतिस्पर्धी झाले आणि कोणालाही चिप विकायला तयार असलेल्या एनव्हिडियाकडे गेले. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ काढलं. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपलं तंत्रज्ञान त्याच एनव्हिडियाला विकत असल्याचं जाहीर केलं.

इथवर सांगितल्यावर भाऊ म्हणाला, 'म्हणजे बंद करणारा हरतो.' तोपर्यंतचा हिशेब तसाच होता खरा. पण पुढे खेळच बदलला. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एकाच वेळी हजारो छोटी गणितं करणारं यंत्र. एनव्हिडियाने २००७ पासून ते गेमखेरीज इतर कामांनाही वापरता येईल अशी सोय दिली, कुडा नावाची. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क शिकवलं आणि स्पर्धेत बाकीच्यांना फार मागे टाकलं. त्यासाठी वापरलेली यंत्रं? प्रत्येकी तीन जीबीची दोन जीटीएक्स ५८०, दुकानात मिळणारी गेमिंग कार्डं. गेमर पोरांच्या खिशातून वाढलेल्या वस्तूवर एक वेगळाच उद्योग उभा राहिला.

त्याचा पहिला झटका मात्र दुसरीकडून बसला. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं, जाहीर किंमत ६९९ डॉलर, आणि ते त्या किमतीला जवळपास कोणालाच मिळेना. लॉकडाउनची मागणी, चिपांची टंचाई आणि त्यात इथेरियम खणणारे लोक. माझी पहिली नोकरी नुकती लागली होती, पहिल्या पगाराचं कार्ड तेव्हा घेता आलं नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकामच बंद केलं आणि जुनी कार्डं ढिगाने बाजारात आली. तेव्हा वाटलं, सुटलो.

रॅमचं तसं नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडेच बनते. एआयच्या चिपांना लागणारी थरांची महागडी मेमरी त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर तयार होते. डेटा सेंटरवाले वर्षभराचा माल आगाऊ उचलतात, आपण एक पट्टी मागतो. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने जाहीर केलं की, घरगुती ग्राहकांना रॅम विकणारा आपला क्रूशियल हा ब्रँड बंद करतोय. क्रूशियल सुरू झाला होता १९९६ मध्ये, रॅम स्वस्त झाली आणि वूडू घरात आलं त्याच वर्षी. मावसभावाच्या यादीत रॅमपुढे क्रूशियलच लिहिलेलं होतं.

या वेळी कोणी कुलूप लावलेलं नाही. स्लॉट उघडे आहेत, आकृत्या उघड्या आहेत, कुठल्याही कंपनीची पट्टी कुठल्याही बोर्डात बसते. फक्त आपण आता मोठे गिऱ्हाईक राहिलेलो नाही. कॉम्पॅकसारखं दोन गट करून यातून सुटता येत नाही, कारण मेमरीचा कारखाना ताटाखालच्या कागदावर उभा राहत नाही.

शेवटी आम्ही यादी पुन्हा केली. कॅबिनेटच्या रंगीत लाइटा गेल्या. एसएमपीएस मी कमी करू दिला नाही. रॅमची १६ ची एकच पट्टी घ्यायची ठरली. 'सिंगल चॅनेल? दादा, फ्रेम पडतील ना!' पडतील, म्हटलं, थोड्या पडतील, पण दोन आठाच्या घेतल्यास तर पुढे दोन्ही काढून टाकाव्या लागतील. तो दोन दिवस रुसला. जानेवारीत त्याने हॉस्टेलच्या खोलीतून फोटो पाठवला, कॅबिनेटचं झाकण उघडं, पंखा फिरतोय, एक पट्टी बसवलेली आणि शेजारी रिकामा स्लॉट. त्यावर त्याने लाल गोल काढला होता.