फुंकणीचा हिशेब

मी कवितेचा माणूस. इंजिनावर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे कुठल्याही पदवीनं आलेला नाही. पण मागे एका रविवारी माझा भाचा घरी आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आतच म्हणाला, "मामू, गाडीची ताकद वाढवायची आहे. नागपुरात एक जण लॅपटॉप जोडून करून देतो. अर्ध्या तासात वीस घोडे वाढतात." त्याची गाडी टर्बोची आहे, जुनी घेतलेली, हप्ते अजून चालू आहेत. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला माझे मामू आठवले आणि त्यांचा ट्रक आठवला. आज त्या दोन गोष्टींच्या मधला इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात आमच्या तिरोड्याच्या फलाटावरून करू. आमचं गाव मुंबई-हावडा मार्गावर. माझ्या लहानपणी तिथून डिझेल इंजिनं जात. मालगाडी थांब्यातून निघाली की आधी काळ्या धुराचा लोट उठायचा, मग हळूहळू एक बारीक शीळ सुरू व्हायची आणि शीळ चढली की धूर विरळ व्हायचा. आम्ही पोरं त्या शिळेची नक्कल करायचो. ती इंजिनं डब्ल्यूडीएम-२ जातीची. पहिली १९६२ मध्ये अमेरिकेहून आली, १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. ताकद २,६०० अश्वशक्ती. ती शीळ टर्बोचार्जरची होती, हे मला फार उशिरा कळलं.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. चूल पेटवलेली असली तरी पुरे. चुलीत नुसती लाकडं कोंबली तर जाळ होत नाही, धूर होतो. आई फुंकणी घेऊन दोन फुंका मारते आणि जाळ उभा राहतो. इंजिनाचंही तसंच आहे. ताकद इंधनात असते, पण ते जळायला हवा लागते. इंजिन साध्या श्वासानं जेवढी हवा आत घेईल तेवढंच इंधन नीट जळतं. जास्त ताकद हवी तर एक उपाय म्हणजे इंजिन मोठं करायचं. दुसरा उपाय म्हणजे आहे त्याच इंजिनात हवा दाबून भरायची.

ही हवा दाबायची कशानं? स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलं, त्यात उत्तर होतं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर आपण वाया घालवतो. त्या धुरानं एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चाक बसवायचं आणि त्या दुसऱ्या चाकानं ताजी हवा आत ढकलायची. आमच्या तिरोड्याच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. तिथे वाफ टर्बाइन फिरवते, इथे धूर फिरवतो, एवढाच फरक. मोटारीतलं हे चाक मुठीत मावेल एवढं असतं आणि मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतं. थोडक्यात, चुलीनं स्वतःच्या धुरावर चालवलेली फुंकणी. फलाटावर आधी धूर आणि मग शीळ का, तेही यावरून कळतं. ड्रायव्हरनं डिझेल वाढवलं की ते लगेच आत जातं, पण फुंकणीला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. मधल्या वेळात चूल धुमसते.

आता मामूंचा ट्रक. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, गोंदिया वेगळा व्हायला १९९९ साल उजाडायचं होतं. मामू धान आणि तेंदूपत्ता वाहायचे. ट्रक कर्जाचा, साधा, टर्बो नसलेला. चढावर दम लागतो म्हणून एका मिस्त्रीकडे नेला. त्यानं पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिलं. आमच्याकडे याला 'पंप वाढवणं' म्हणतात. दोन महिने मामू खूश होते. ट्रक पळायचा, मागे काळा धूर सोडायचा आणि मामूंना तो धूर म्हणजे गाडीचा रुबाब वाटायचा. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर, तेंदूपत्त्याचा भरगच्च भार घेऊन देवरीकडच्या जंगलातल्या एका चढावर इंजिन जाम झालं. पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटलं होतं. दुरुस्तीला पैसे नव्हते, हप्ते थकले, ट्रक विकावा लागला. पुढची वीस वर्षं मामूंनी दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर म्हणून काढली. मिस्त्रीचा हेतू वाईट नव्हता. त्यानं लाकडं वाढवली, फुंकणी दिली नाही. आणि वाढलेल्या जाळाची उष्णता कुठे जाणार, हा प्रश्न विचारला नाही.

हा प्रश्न मोठमोठ्या कारखान्यांनाही सुरुवातीला नीट सुटला नव्हता. १९६२ मध्येच, म्हणजे आपल्या रेल्वेला ती डिझेल इंजिनं मिळाली त्याच वर्षी, अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीनं जेटफायर नावाची दोन दारांची देखणी कूपे बाजारात आणली. टर्बो बसवून विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी ती एक. साडेतीन लिटरचं इंजिन, २१५ अश्वशक्ती. पण पेट्रोल इंजिनात हवा फार दाबली आणि ती तापली, की इंधन वेळेआधीच भडकतं आणि इंजिनात ठोके पडू लागतात. त्यावर कंपनीनं तोडगा काढला. शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीत ठेवायचं आणि ते इंजिनात थोडं थोडं सोडून आतला ताप कमी करायचा. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी होई. मालकांनी काय केलं? कोणी टाकी भरायला विसरले, कोणी कंटाळले आणि मग गाडीत दम नाही म्हणून तक्रारी केल्या. दोन वर्षांत ती गाडी बंद झाली. पुढे कंपनीनंच अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून दिला. ताकद होती, कल्पना होती, पण ती रोज वापरणारा माणूस हिशेबात धरलेला नव्हता.

हा हिशेब नीट मांडलेला दिसतो तो जर्मनीच्या पोर्शे ९११ टर्बोत. १९७५ ची पहिली गाडी तीन लिटरची, २६० अश्वशक्तीची. १९७८ मध्ये कारखान्यानं तिची ताकद ३०० केली. कशी केली, ते महत्त्वाचं आहे. इंजिन थोडं मोठं केलं आणि इंटरकूलर बसवला. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून इंजिनात जाण्याआधी तिला जाळीतून फिरवून थंड करणारं हे साधन. आणि त्याच वेळी ब्रेकही बदलले. शर्यतीत धावणाऱ्या ९१७ गाडीच्या धर्तीवरचे ब्रेक या गाडीला दिले. म्हणजे चाळीस घोडे वाढवायचे तर त्यांना थंड ठेवायची आणि थांबवायचीही सोय आधी केली. कारखान्यानं वाढवलेली ताकद आणि मिस्त्रीनं वाढवलेली ताकद यांच्यातलं अंतर मला इथे दिसतं.

जर्मनी लांब राहिली. आपल्या महाराष्ट्रात काय घडत होतं? सुमंत मुळगावकरांनी पुण्यात टेल्कोचा कारखाना उभा केला. १९९१ मध्ये तिथून टाटा सिएरा आली. दोन दारं, मागे छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा. रस्त्यावरून गेली की माणसं वळून बघत. दिसायला ती दमदार होती, पण तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन सत्तर अश्वशक्तीच्या आतलं. पुढे १९९७ च्या सुमारास तिला टर्बो मिळाला आणि ताकद नव्वदच्या घरात गेली. इंजिन तेवढंच, फुंकणी नवी. मुळगावकरांच्या नावावरून ज्या सुमोचं नाव पडलं, तिलाही असाच टर्बो मिळाला. लग्नाच्या वऱ्हाडापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत विदर्भातल्या खेड्यापाड्यांत टर्बो हा शब्द सुमोच्या मागच्या अक्षरांवरून पोचला असावा, असं मला वाटतं.

त्याच कंपनीनं ७ मार्च २०१७ रोजी जिनिव्हाच्या प्रदर्शनात एक गाडी मांडली. नाव रेसमो. दोनच माणसांची कूपे, पंखांसारखी वर उघडणारी दारं, इंजिन आसनांच्या मागे. इंजिन कोणतं? अवघ्या १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल. त्याच वर्षी आलेल्या नेक्सॉनमध्ये याच घराण्याचं इंजिन ११० अश्वशक्तीचं होतं. रेसमोसाठी कंपनीनं १९० चा आकडा सांगितला आणि शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर सहा सेकंदांच्या आत. आपल्या माणसांची स्पोर्ट्स कूपे! वर्तमानपत्रातला तो फोटो मी भाच्याला दाखवला होता, तेव्हा तो कॉलेजात होता. ती गाडी विक्रीला आलीच नाही. एवढ्या महागड्या हौसेला गिऱ्हाईक किती, हा हिशेब शेवटी कोणत्याही कंपनीला करावाच लागतो.

पण त्या इंजिनाची गोष्ट तिथे संपली नाही. टाटांनी कोईमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हज या शर्यतीच्या गाड्यांचा अनुभव असलेल्या कंपनीशी भागीदारी केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणि टिगोर जेटीपी या गाड्या आल्या. साध्या पेट्रोल टियागोत ८५ अश्वशक्ती, जेटीपीत ११४. टियागो जेटीपीची किंमत ६ लाख ३९ हजार, म्हणजे नोकरदार तरुणाच्या आवाक्यातली. या गाड्यांत बदललं काय, ते पाहा. टर्बो इंजिन तर आलंच. शिवाय गिअरचं गुणोत्तर बदललं, गाडी थोडी खाली घेतली, स्प्रिंगा कडक केल्या, टायर रुंद केले, बॉनेटवर गरम हवा बाहेर पडायला भोकं ठेवली. आणि एक गोष्ट कमीही केली. नेक्सॉनमध्ये इंजिनाचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, १७० न्यूटन मीटर होता. इथे तो १५० ठेवला. ताकद वाढवणाऱ्यांनी एक आकडा मुद्दाम खाली आणला, हे मला कवितेतली ओळ खोडण्यासारखं वाटतं. २०२० मध्ये ती भागीदारी संपली आणि गाड्याही बंद झाल्या. २०२४ मध्ये अल्ट्रोझ रेसर नावानं १२० अश्वशक्तीची गाडी आली. सिएराचं नावही नोव्हेंबर २०२५ मध्ये परत आलं, पण आता दारं पाच आहेत.

रेल्वेनंही हेच केलं होतं. १९९० च्या दशकात त्याच डिझेल इंजिनाची सुधारलेली आवृत्ती ३,१०० अश्वशक्तीची झाली आणि पतियाळाच्या कारखान्यात अनेक जुनी इंजिनं पूर्ण खोलून, नव्यानं बांधून त्या पंगतीत बसवली गेली. पूर्ण खोलून, हे शब्द लक्षात ठेवा.

आता भाच्याच्या लॅपटॉपकडे येऊ. आजच्या गाडीत पंपाचा स्क्रू नसतो. किती इंधन सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यातले आकडे बदलले की ताकद वाढते. वाढते, यात खोटं काही नाही. प्रश्न असा, की ती येते कुठून? कारखाना प्रत्येक इंजिनात थोडी ताकद राखून ठेवतो. कुठे पेट्रोल हलकं मिळेल, कुठे आमच्यासारखा मे महिना असेल, कुठे मालक ऑईल बदलायला विसरेल, यासाठी ती राखण असते. लॅपटॉपवाला तीच राखण काढून हातात देतो. आमच्या धानाच्या मुलखात याला बियाण्याचं धान कांडून खाणं म्हणतात. भात चवदार लागतो. पेरणीच्या वेळी कळतं.

शिवाय कायदा आहे. मूळ कारखान्याच्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. कारखान्याला स्वतःची गाडी बदलायची तरी ती पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेत तपासून घ्यावी लागते. लोकांना हा जाच वाटतो. मला त्यात मामूंच्या ट्रकचं उत्तर दिसतं. ताकद वाढवणाऱ्यानं तिची जबाबदारीही घ्यावी, एवढंच तो नियम सांगतो. मामूंचं इंजिन बसलं तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "माल जास्त भरला होता." तेही खरंच होतं.

वेगाची हौस वाईट नाही. तरुणपणी प्रत्येकाला आपलं इंजिन थोडं जास्त चालावं असं वाटतं, मलाही वाटायचं. भाच्याला मी एवढंच म्हटलं, "बेटा, त्या माणसाला तीन गोष्टी विचार. ही उष्णता कुठे जाणार? ब्रेक कोण बदलणार? आणि इंजिन बसलं तर हप्ते कोण भरणार?" त्यानं फोन केला. पहिल्या प्रश्नाला तो माणूस बराच वेळ काहीबाही बोलत राहिला. दुसऱ्याला म्हणाला, त्याचं वेगळं बिल होईल. तिसऱ्या प्रश्नाला त्यानं फोन ठेवला.

भाचा अजून नागपूरला गेलेला नाही. जाणारच नाही, असं मी म्हणत नाही. मागच्या आठवड्यात त्यानं गाडीचं ऑईल बदलून घेतलं आणि हवेचा फिल्टर नवा टाकला. संध्याकाळी मला बसवून स्टेशनापर्यंत चक्कर मारून आणली आणि विचारलं, "मामू, थोडी हलकी वाटते ना?" मी म्हटलं, "वाटते." खरं सांगायचं तर मला काही फरक कळला नव्हता.