कोंबडीचा अर्धवट डोस

गेल्या पावसाळ्यात आईच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट हातात घेऊन मी ओरोस फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. कागदावर पंधरा-सोळा अँटिबायोटिक्सची नावं. दोन सोडली तर सगळ्यांपुढे एकच अक्षर, 'आर'. म्हणजे रेझिस्टंट, हे औषध चालणार नाही. जिवाणू तसा नेहमीचाच, ई. कोलाय.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मिया औषध कधी अर्धवट सोडूक नाय. मगे ह्यां खयसून इलां?"

तिच्या बाबतीत नेमकं उत्तर कुणालाच देता आलं नसतं. पण उत्तर शोधता शोधता मी कोंबडीच्या खाद्यापर्यंत पोचलो.

पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने डिसेंबर १९४५मध्ये, नोबेलच्या व्याख्यानातच सावध केलं होतं : औषधाची मात्रा कमी पडली, तर जिवाणू मरत नाहीत, ते सरावतात. पाचच वर्षांनी, १९५०मध्ये, अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांचा शोध जाहीर झाला. ते शोधत होते बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत. ऑरिओमायसिन बनवून उरलेला चोथा त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना घातला, तर पिल्लं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाची ही करामत. मग धडधाकट कोंबड्या-डुकरांना रोज खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक द्यायची रीतच पडली.

म्हणजे औषध अर्धवट घेतलं होतं ते कोंबडीने, आणि तेही रोज. अशा मात्रेत कमजोर जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. शिवाय प्रतिकाराचं जनुक ते शेजारच्या, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात.

ब्रिटनमध्ये १९६९ साली स्वान समितीने यावर बोट ठेवलं. युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक्स देणं पूर्ण बंद केलं ते २००६मध्ये. २०१५मध्ये चीनमधल्या संशोधकांना कोलिस्टिनला न जुमानणारं, सहज पसरणारं जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडलं. कोलिस्टिन म्हणजे बाकी सारं संपल्यावर डॉक्टर काढतात ते औषध. भारतात ते कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी विकायला बंदी आली जुलै २०१९मध्ये. फ्लेमिंगच्या व्याख्यानानंतर ७४ वर्षांनी.

मग कोंबडी-वडे सोडायचे का? नाही. रटरट शिजलेल्या रश्श्यात जिवाणू टिकत नाही, प्रतिकार असो वा नसो. धोका असतो शिजण्याआधी. नळाखाली कोंबडी धुताना पाणी उडतं, ओट्यावर, भांड्यांवर. त्याच सुरीने आपण कांदा चिरतो आणि तो कच्चाच पानात घेतो. आमच्या घरी वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

'आर' नसलेल्या दोनांपैकी एक औषध आईला लागू पडलं. सात दिवस इंजेक्शनं घ्यावी लागली. तिला त्रास कोंबडीमुळेच झाला, असं मी म्हणणार नाही; ते सिद्ध करता येत नाही. पण पुढच्या वेळी त्या कागदावर किती नावं शिल्लक असतील, ही भीती राहिलीच.

आता रविवारी ती कांदा आधी चिरून झाकून ठेवते. कोंबडीची पिशवी त्यानंतर उघडते, आणि मग साबणाने हात धुते.