न संपणारा पत्त्यांचा जोड

बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक बाजूला सोळा मोहरी असतात. पत्त्यांच्या जोडात बावन्न पाने असतात. डावात पुढे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसले, तरी काय काय होऊ शकेल याची हद्द दोन्ही खेळाडूंना आधीपासून माहीत असते. १९९३ साली अमेरिकेत आलेल्या एका खेळाने ही हद्दच काढून टाकली. त्याचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. या खेळाचा इतिहास म्हणजे एका गणितज्ञाची कल्पना, बाजाराची ओढ आणि संभाव्यतेचे नियम यांच्यातील रस्सीखेच आहे. म्हणूनच शिक्षकांनी तो जाणून घ्यावा असे आम्हाला वाटते.

खेळाचा जन्म

रिचर्ड गारफील्ड हे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कॉम्बिनेटोरिक्स, म्हणजे निवडी व मांडण्या मोजण्याचे गणित, या विषयात संशोधन करत होते. १९९१ साली त्यांनी पटावरच्या एका खेळाची कल्पना पीटर अ‍ॅडकिसन यांच्यापुढे मांडली. अ‍ॅडकिसन यांची ‘विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट’ ही कंपनी तेव्हा अगदी लहान होती आणि तो खेळ छापणे तिला परवडणारे नव्हते. त्यांनी उलट मागणी केली : थोड्या वेळात संपणारा, खिशातून नेता येईल असा खेळ तयार करा. त्यातून ‘मॅजिक’ जन्माला आला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला, आणि त्याच वर्षी गारफील्ड यांना डॉक्टरेटही मिळाली.

खेळात दोन जादूगारांचे द्वंद्व असते. प्रत्येकाकडे २० प्राणांक असतात आणि प्रतिस्पर्ध्याचे प्राणांक शून्यावर आणायचे असतात. पाच रंगांची जादू, ती चालवायला शक्ती पुरवणारी ‘जमीन’ची पाने, लढणारे प्राणी आणि मंत्र अशी पाने असतात. येथे दोघे एकाच जोडातून खेळत नाहीत. प्रत्येक जण आपल्या संग्रहातून निवडून स्वतःचा जोड बांधतो, तो पिसतो आणि पहिली सात पाने उचलतो. शिवाय पानावरचा मजकूर मूळ नियमाच्या विरुद्ध असेल, तर पान खरे मानायचे असा दंडक आहे. त्यामुळे प्रत्येक नवे पान हा एक छोटा नवा नियमच ठरतो.

मर्यादा का आल्या?

पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळी पाने होती व एकूण सुमारे २६ लाख पत्ते छापले होते. ते हातोहात खपले. लगोलग काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे सुमारे ७३ लाखही संपले. गारफील्ड यांचा अंदाज असा होता, की प्रत्येक खेळाडू थोडीच पाने विकत घेईल आणि फार प्रभावी पाने दुर्मिळ ठेवली की ती कोणा एकाकडे साठणार नाहीत. पण लोकांनी खोकीच्या खोकी विकत घेतली आणि हा अंदाज कोसळला.

सुरुवातीला जोडात किमान ४० पाने हवीत एवढीच अट होती. एकच पान कितीही वेळा घेता येई. १९९४ च्या आरंभी स्पर्धांसाठी नवे नियम आले : किमान ६० पाने, कोणत्याही पानाच्या जास्तीत जास्त ४ प्रती (मूलभूत जमिनी सोडून), आणि काही अतिप्रभावी पानांची फक्त १ प्रत.

या आकड्यांनी काय साधले ते पाहू. एखाद्या पानाच्या ४ प्रती ६० पानांच्या जोडात आहेत. पहिली प्रत वरच्या सात जागांत नसण्याची संभाव्यता ५३/६०. ती नसेल तर दुसरी नसण्याची ५२/५९, मग ५१/५८ आणि ५०/५७. यांचा गुणाकार सुमारे ०.६० येतो. म्हणजे पहिल्या सात पानांत ते पान मिळण्याची शक्यता ४० टक्के. जोड ४० पानांचा असता तर हीच शक्यता ५५ टक्के झाली असती. लहान जोड म्हणजे हवे ते पान हमखास मिळणे, आणि प्रत्येक डाव सारखाच होणे. साठ चिठ्ठ्यांपैकी चारांवर खूण करून वर्गात हा प्रयोग सहज करता येतो.

पुरवण्या आणि पाठ

१९९३ च्या डिसेंबरमध्ये ‘अरेबियन नाइट्स’ ही पहिली पुरवणी आली. तिच्या पानांची पाठ वेगळी ठेवावी असा मूळ बेत होता. पण पाठ वेगळी असती, तर मिसळलेल्या जोडात वरचे पान कोणत्या संचातले हे उघड दिसले असते आणि दोन्ही संच एकत्र खेळता आले नसते. अखेर पाठ तीच ठेवली गेली. या छोट्या निर्णयामुळे प्रत्येक पुरवणी आधीच्या सर्व पानांना जोडली जाऊ लागली. आज वेगवेगळ्या पानांची संख्या २५ हजारांहून अधिक आहे.

त्यातून नवी अडचण उभी राहिली. जुनी पाने नसलेला नवखा खेळाडू टिकणार कसा? १९९५ च्या आरंभी यावर उपाय निघाला : फक्त अलीकडच्या संचांतली पाने चालतील असा स्पर्धांचा वेगळा प्रकार सुरू झाला. खेळ सर्वांना खुला राहिला. मात्र ठरावीक काळाने नवी पाने घेणेही भाग पडले. न्याय आणि नफा असे एकाच नियमात गुंतलेले आहेत.

पानांच्या गुंतागुंतीचा शेवट कोठे होतो? २०१९ साली तीन संशोधकांनी दाखवले, की ठरावीक पाने विशिष्ट रीतीने मांडली तर हा खेळ ट्युरिंग यंत्राचे काम करतो. अशा काही डावांत पुढची प्रत्येक खेळी सक्तीची असली, तरी अखेर कोण जिंकेल हे सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही.

पाकिटातले नशीब

या खेळाला जुगाराची बाजूही होती. सुरुवातीला प्रत्येकाने एक पान पैजेला लावायचे आणि जिंकणाऱ्याने ते कायमचे घ्यायचे असा नियम होता. तो मागे पडला. पैजेशी निगडित पाने १९९५ नंतर छापलीच गेली नाहीत. पण पाकीट बंदच राहिले. १९९३ च्या पंधरा पानांच्या पाकिटात साधारणपणे दुर्मिळ पान एकच असे, आणि ते कोणते हे फोडल्याशिवाय कळत नसे. ‘ब्लॅक लोटस’ या पानाची पहिल्या आवृत्तीतली एक प्रत २०२१ साली ५ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. बंद पाकिटाचीच कल्पना संगणकीय खेळांत ‘लूट बॉक्स’ या नावाने शिरली, आणि बेल्जियममधील जुगार आयोगाने २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगार ठरवले.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आज असे खेळ फोनवर येतात. त्यांना उपदेश करण्याऐवजी आम्ही एक उदाहरण सुचवतो. समजा, संचात १०० दुर्मिळ पाने आहेत, प्रत्येक पाकिटात त्यांतले कोणतेही एक समान शक्यतेने येते, आणि मुलाला त्यांतले एकच हवे आहे. शंभर पाकिटे घेतली की ते मिळेलच असे बहुतेकांना वाटते. पण ते एकदाही न मिळण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७ असते. शंभर पाकिटांचे पैसे मोजूनही तिघांपैकी एकाहून अधिक जणांना ते पान मिळणार नाही. हे गणित अकरावीच्या विद्यार्थ्याला स्वतः करता येते, आणि पाकीट विकत घेण्यापूर्वी ते केलेले बरे.