जत्रेची तिथी, सहलीची तारीख

१/ जालन्यातील एखादे कुटुंब दोन दिवसांची थीम पार्कची सहल ठरवू लागते, तेव्हा तीन प्रश्न निघतात : सुट्टी कधी, जायचे कसे, तिकीट किती. शंभर वर्षांपूर्वी याच मुलखात मौजेसाठी घराबाहेर पडणाऱ्याला यांतला फक्त मधला प्रश्न पडत असे. उरलेले दोन कुठून आले, त्याचा हा थ्रेड.

२/ तेव्हाची सहल म्हणजे जत्रा. अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र, राजूरच्या गणपतीची अंगारकी, जांब समर्थची रामनवमी, जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींची आषाढी एकादशी. दिवस पंचांग ठरवी. त्या दिवशी औते थांबत आणि बाजार जत्रेकडे सरके. सुट्टी कोणाकडे मागावी लागत नसे, कारण सारा गावच सुट्टीवर असे.

३/ या चित्राला सोनेरी चौकट मात्र घालू नये. जत्रेचे मैदान खुले असले, तरी देवळाचा गाभारा सर्व जातींना खुला नव्हता. जत्रेला फाटक नव्हते, उंबरठा होता.

४/ मैदानात पाळणे, रेवड्या, कुस्त्यांचा फड, तमाशाची कनात. यांतला उभा फिरणारा पाळणा फार जुना. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये ऑटोमन साम्राज्यातील फिलिपोपोलिस येथे असे लाकडी पाळणे पाहून त्यांची नोंद केली. जॉर्ज फेरिसचे २६४ फूट उंचीचे पोलादी चक्र शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभे राहिले ते १८९३ मध्ये.

५/ म्हणजे खेळ नवे नव्हते. नवे होते ते कुंपण. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. चहूबाजूंनी मातीचा उंच बांध घातलेला, जेणेकरून आतून बाहेरचे जग दिसू नये. आरंभी प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि प्रत्येक खेळाचे वेगळे होते. १९८२ मध्ये खेळांची तिकिटे बंद झाली आणि एकाच तिकिटात दिवसभर सारे खेळ मिळू लागले.

६/ या बदलाचा अर्थ लक्षात घ्यावा. जत्रेत खिशात जेवढे पैसे तेवढे झोके. पैसे नसतील तर नुसते फिरणे फुकट. पार्कमध्ये पूर्ण दिवसाची किंमत दारातच मोजावी लागते. नुसते पाहणारा माणूस ही जत्रेतली मोठी जमात. थीम पार्कने ती बाहेर ठेवली.

७/ महाराष्ट्रात हे रूप १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईच्या एस्सेलवर्ल्डने रुजवले. तेथेच १९९८ मध्ये वॉटर किंगडम आले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडले. तिन्ही ठिकाणे मुंबईच्या परिघातली. मराठवाड्यासाठी प्रश्न उरला वाटेचा.

८/ जालन्याला आगगाडी १९०० च्या सुमारास आली. पण हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा तो मार्ग मीटरगेज होता. मुंबईला जायचे तर मनमाडला गाडी बदलणे आले. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत धावली, आणि जून २०२५ मध्ये जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. एका आयुष्यात मुंबई एवढी जवळ आली.

९/ वाट सुटली, सुट्टीचे काय? पगारी रजा ही आधुनिक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली आणि त्या उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाने साप्ताहिक सुट्टी आणि पगारी रजा यांचे नियम घालून दिले. दोन दिवसांची सहल याच बेरजेतून निघते : एक साप्ताहिक सुट्टी, एक रजा.

१०/ पण खाचखळगा १९५४ च्या दुरुस्तीत होता. दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा. मात्र त्या कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम भरावे लागे. जालना हा कापसाचा मुलूख. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. केवळ त्या हंगामापुरते राबणाऱ्याचे २४० दिवस कसे भरणार होते? शेतमजूर तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. ज्यांच्या हातून कापूस वेचला आणि पिंजला गेला, त्यांच्या वाट्याला पगारी रजा आली नाही.

११/ मधली वाट पैठणने दाखवली. जायकवाडी धरणाचे उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले आणि त्याच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान फुलले. कारंजी पाहायला शाळांच्या सहली येत. सहलीसाठी एसटीच्या भाड्यात सवलत असे. ज्या घराला रजा ठाऊक नव्हती, त्या घरातले मूल शाळेच्या यादीत नाव घालून सहलीला जाऊ शके. त्याच पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते. एकाच गावात तिथी आणि तारीख, दोन्ही.

१२/ शिर्डीत दोन्हींचा मेळ आणखी पुढे गेला आहे. तेथे दर्शनाच्या जोडीला वॉटर पार्क आहे आणि साईबाबांच्या कथेवर उभारलेले साईतीर्थ हे थीम पार्कही. जत्रेतून निघालेला पाळणा फिरून देवाच्या गावी परतला. येताना फाटक मात्र सोबत घेऊन आला.

१३/ सहल आखणे ही आज घरगुती बाब वाटते. तिच्यामागे रुळांची रुंदी आहे, कायद्यातल्या २४० दिवसांची जुनी अट आहे आणि एक कुंपण आहे. जत्रा माणसाला दिवस देत असे. थीम पार्कला माणसाने आपला दिवस घेऊन यावे लागते. म्हणून मौजेचा इतिहास लिहिताना पाळणा किती उंच गेला याच्या आधी त्यात बसायला सवड कोणाला होती, हे विचारावे लागते.