अक्षयनीवि आणि हिरडा

नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत ‘अक्षयनीवि’ हा शब्द येतो. ३००० कार्षापणें विणकरांच्या श्रेणींकडे ठेविलीं. मुद्दलास हात लावावयाचा नाहीं, भिक्षूंनीं व्याजच भोगावें, असा तो निर्बंध. जुन्नरच्या लेण्यांतही वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडील ठेवींचा लेख आहे. परंतु आडुथुम शकाचें दान निराळें. त्यानें ‘करंजमूल’ येथील २० निवर्तनें भूमि दिली. कित्येक पंडित याचा अर्थ ‘करंज लावण्यासाठीं’ असा करितात. तो ग्राह्य धरल्यास वृक्ष हेंच मुद्दल ठरतें.

याच जुन्नरच्या व शेजारील आंबेगांवच्या पश्चिम डोंगरांत तो अर्थ आजही जिवंत आहे. तेथील महादेव कोळी कुटुंबें पावसावर भात, नाचणी, वरई पिकवितात. रोख पैसा मात्र उन्हाळ्यांत काढून वाळविलेल्या बाळहिरड्याचा. पाऊस फसला तर भाताचा हंगाम जातो, हिरडा उभा राहतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळांत हिरड्याचीं झाडेंही मोडलीं. तेव्हां व्याज नव्हे, मुद्दलच गेलें. नवें झाड फळावर येण्यास कित्येक वर्षें लागतात. म्हणून एका वर्षाच्या फळाची भरपाई पुरेशी नाहीं. रोपें लावणें, आणि तीं वाढेपर्यंत त्या घरांचा निर्वाह चालविणें, हीच आमच्या मतें खरी अक्षयनीवि होय.