‘समाधानकारक’ या शब्दामागचा शिपाई

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भोसले वंशाचा मराठी शिलालेख आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. सरफोजी महाराजांनी तो १८०३ मध्ये कोरविला. राजवंशाची कथा त्यातून कळते. त्या राजांसाठी लढलेल्या शिपायाने काय सोसले, ते मात्र कळत नाही. युद्धाचा अधिकृत वृत्तांत आणि शिपायाचा अनुभव यांतील हे अंतर केवळ राजेरजवाड्यांच्या काळापुरते नव्हते. छापखाने आणि तारायंत्रे आल्यानंतरही ते टिकले. इतकेच नव्हे, तर माणसांच्या जिवावर बेतले. पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची मोहीम याची साक्ष देते.

या मोहिमेत सहावी पुणे डिव्हिजन आघाडीवर होती. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखाली हे सैन्य तैग्रिस नदीच्या काठाने विजय मिळवीत पुढे सरकले. गॅलिपोलीत अपयश पदरी पडत असताना सरकारला बगदादच्या विजयाची बातमी हवी होती. पुरेशी कुमक, नौका आणि औषधोपचाराची साधने नसतानाही आगेकूच चालू राहिली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉन येथे लढाई जुंपली आणि सुमारे साडेचार हजार माणसे मृत वा जखमी झाली.

जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून नदीपर्यंत आणले गेले. तेथून बोटी आणि पडाव यांत दाटीवाटीने भरून त्यांना बसऱ्याकडे धाडण्यात आले. जवळजवळ दोन आठवड्यांच्या त्या प्रवासात अनेकांच्या जखमांवरची पट्टीसुद्धा बदलली गेली नाही. ‘मेजिदिया’ ही बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरांना तिच्यावर मलमूत्रात पडलेली, जखमा सडलेली माणसे दिसली. त्याच सुमारास सरसेनापती निक्सन यांच्या तारेत मात्र जखमींची स्थिती अत्यंत समाधानकारक असल्याचे कळविले गेले होते. कार्टर यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच लुडबुड्या ठरवून दटावले.

पुण्यातील काय किंवा तंजावरातील काय, वृत्तपत्र वाचणाऱ्याला यातले काही कळणे कठीण होते. रणांगणाची माहिती बहुतांशी सरकारी तारांतूनच येई आणि १९१० चा छापखाना कायदा व १९१५ चा भारत संरक्षण कायदा संपादकांच्या डोक्यावर टांगलेले होते. ‘समाधानकारक’ या एका शब्दाची किंमत मोठी होती. सारे ठीक आहे असे एकदा मान्य झाले, की अधिक डॉक्टर, अधिक नौका आणि अधिक औषधे मागण्याचे कारणच उरत नाही.

पुढे हेच सैन्य कूत येथे वेढ्यात सापडले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा काळ उपासमारीचा होता. घोड्यांचे आणि खेचरांचे मांस खाण्याची वेळ आली. धर्मभावनेमुळे अनेक भारतीय शिपायांनी ते नाकारले आणि पोषणाअभावी ते रोगांना बळी पडले. वेढा उठविण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मृत वा जखमी झाली. अखेर सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. वाळवंटातील पायपिटीत आणि बंदिवासात त्यांच्यापैकी हजारो मेले.

सत्य मात्र कायमचे दडपता आले नाही. चौकशी आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्टर यांची साक्ष त्यात आली आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

मग शिपायाच्या स्वतःच्या शब्दांचे काय? फ्रान्समधील आघाडीवर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही लढल्या. तेथील भारतीय सैनिकांची पत्रे सरकारी अधिकारी उघडून वाचत. शिपायांना हे ठाऊक होते, म्हणून काहीजण ‘काळी मिरी’ म्हणजे भारतीय आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे सैनिक अशा सांकेतिक भाषेत लिहीत. तपासणीसाठी केलेले या पत्रांतील उताऱ्यांचे अनुवाद लंडनमध्ये जपले गेले. शिपायाचा आवाज आवरण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेनेच त्याचा काही अंश आपल्यापर्यंत पोहोचविला, ही इतिहासाची विलक्षण गती होय. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची केवळ संख्या.

शाळेत इतिहास शिकवायचा तो सनावळीसाठी नव्हे, तर प्रश्न विचारता यावेत म्हणून. आज युद्धाची दृश्ये घरोघरी पडद्यावर दिसतात आणि निवेदकांचा आवाज तोफांनाही मागे टाकतो. अशा वेळी आपल्या मुलांनी विचारावे: हे कोण सांगत आहे? तो तेथे होता काय? जो तेथे होता, त्याला बोलू दिले आहे काय? सैनिकाविषयी आदर बाळगणे म्हणजे त्याच्या शौर्याचा जयघोष करणे एवढेच नव्हे. त्याच्या वेदनेची खरी बातमी ऐकून घेणे हाही त्या आदराचाच भाग आहे. कार्टर यांनी ती सांगितली, म्हणूनच पुढच्या जखमींसाठी अधिक बोटी आणि अधिक खाटांची मागणी करता आली.