उदाहरण सोडविण्याआधी



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांचे आयुष्य वर्गात गेले. म्हणून पदार्थविज्ञान मुलांना कसे समजावून देण्यात आले, याचा थोडा इतिहास आज मांडणे मला उचित वाटते. तो आपल्या इंदूरच्या दोन बाजूंना, नर्मदाकाठी आणि तापीच्या खोऱ्यात घडला आहे.

१९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सहावी ते आठवीसाठी एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम आरंभिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्याच्या साहाय्यास आले. १९७८ मध्ये तो जिल्ह्याच्या सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो माळव्यातही आणला. तेथे मुले आधी प्रयोग करीत आणि नियमाकडे मागाहून वळत. एकच लांबी चौघांनी मोजली की चार उत्तरे येतात, हे त्यांना स्वतःच्या हातांनी कळे. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती, कारण तपासायची होती ती विचारशक्ती.

दुसरा प्रयत्न मराठीतला. १९७४ साली टाटा संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याचे प्रमुख वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम करू लागले. विज्ञान अवघड ठरते त्यात पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा वाटा मोठा असतो, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

इंदूरच्या मराठी घरातील मुलाला हे निराळे सांगावयास नको. शाळेतील हिंदी पुस्तकात विद्युत ‘आवेश’ असतो, आणि घरी आवेश येतो तो वडिलांना! शब्दच परका राहिला, तर सूत्र पाठ होते आणि अर्थ दाराबाहेर थांबतो.

माझ्या अध्यापनकाळात एक प्रश्न मी प्रत्येक वर्गाला विचारीत असे. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचे त्वरण किती? बहुतेक हात ‘शून्य’ म्हणत वर होत. मग मी विचारी : त्याच्या एक सेकंद आधी वेग किती? सेकंदाला ९.८ मीटर, वरच्या दिशेने. एक सेकंदानंतर? तितकाच, खालच्या दिशेने. म्हणजे दोन सेकंदांत वेग १९.६ मीटर प्रति सेकंद एवढा बदलला. बदलाचा दर सतत ९.८ राहिला. त्या क्षणी तो शून्य असता, तर चेंडू तेथेच लटकून राहिला असता. सूत्र न लिहिताही हे उमगते. मात्र मुलाला आपले चुकीचे उत्तर निर्भयपणे उच्चारता आले पाहिजे.

२००२ साली राज्य शासनाने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम सरकारी शाळांतून थांबले. आज इंदूर शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र आहे. तेथे उदाहरणे झपाट्याने सुटतात. परंतु उत्तर बरोबर का, हे विचारण्यास घड्याळ सवड देत नाही. ती सवड देणे हे शाळेचेच कर्तव्य आहे. आपल्या शाळेने ते कर्तव्य सांभाळावे, हीच त्या गुरुजनांना खरी आदरांजली ठरेल.